आरोग्यविषयक माहितीची वाचनसुलभता आणि व्यायामाची प्रेरणा : एक विवेचन

गोषवारा

आरोग्यविषयक मजकूर वाचायला सोपा असेल तर वाचक व्यायामाला अधिक प्रवृत्त होतो, असे विधान वारंवार केले जाते. या विधानामागील मानसशास्त्रीय संशोधनाचा परामर्श घेऊन, वाचनातील अडचण वाचकाच्या मनात कृतीतील अडचण म्हणून कशी नोंदली जाते, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. उपलब्ध पुराव्याच्या मर्यादा, मराठी मजकुराचे स्वतःचे प्रश्न आणि इच्छा व प्रत्यक्ष कृती यांतील अंतर यांचाही येथे विचार केला आहे.

बीजसंज्ञा : वाचनसुलभता, आकलनाचा ओघ, व्यायामप्रेरणा, आरोग्यसाक्षरता, मराठी आरोग्यलेखन.

प्रास्ताविक

महाविद्यालयीन प्राध्यापकाचा आरोग्यविषयक लेखनाशी संबंध येतो तो बहुधा अभ्यासक्रमाबाहेर. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, २१ जूनचा आंतरराष्ट्रीय योग दिन, दत्तक गावातील आरोग्यतपासणी, विद्यार्थिनींसाठी रक्तक्षयविषयक व्याख्यान अशा निमित्ताने पत्रके निघतात, भित्तिपत्रके लागतात. त्यांचा मजकूर आपल्यापैकीच कोणीतरी, बहुतेक वेळा आदल्या दिवशी, इंग्रजी मजकूर समोर ठेवून तयार करतो. त्यात शास्त्रीय चूक नाही ना, एवढे पाहिले जाते. तो वाचताना वाचकाला किती श्रम पडतील आणि त्या श्रमांचा त्याच्या निर्णयावर काय परिणाम होईल, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही.

हा प्रश्न केवळ भाषाशैलीचा नाही. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये जगातील सुमारे ३१ टक्के प्रौढ व्यक्तींची शारीरिक हालचाल आवश्यकतेपेक्षा कमी होती. भारतासाठी हे प्रमाण जवळजवळ ५० टक्के होते. पुरुषांमध्ये सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांमध्ये सुमारे ५७ टक्के. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असून, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या १३ कोटींहून अधिक आहे. चालण्याने व साध्या व्यायामाने ज्यांचा निश्चित लाभ होईल अशा या लोकांपर्यंत पोहोचण्याचे एक साधन छापील मजकूर हे आहे. ते साधन वाचकाला कृतीकडे नेते की कृतीपासून परावृत्त करते, हे तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते.

एक प्रयोग आणि त्याचा अर्थ

या विषयावरील सर्वाधिक उल्लेखिला जाणारा प्रयोग अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील ह्युनजिन साँग आणि नॉर्बर्ट श्वार्झ यांचा असून तो २००८ साली 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांच्या दोन गटांना एका व्यायामाची लेखी सूचना देण्यात आली. हनुवटी छातीकडे नेऊन पुन्हा वर उचलावी, अशा स्वरूपाच्या अगदी साध्या हालचाली तीत होत्या. दोन्ही गटांच्या मजकुरात एका शब्दाचाही फरक नव्हता. फरक होता तो टंकाचा. एका गटाला तो एरियल या स्वच्छ, सरळ वळणाच्या टंकात छापून दिला होता. दुसऱ्या गटाला ब्रश या कुंचल्याने लिहिल्यासारख्या, वाचायला त्रासदायक टंकात. त्यानंतर या व्यायामाला किती वेळ लागेल आणि तो आपल्या दिनक्रमात समाविष्ट करण्याची कितपत तयारी आहे, असे विचारण्यात आले.

स्वच्छ टंकात वाचणाऱ्यांच्या अंदाजाची सरासरी सुमारे ८ मिनिटे होती; अवघड टंकात वाचणाऱ्यांची सुमारे १५ मिनिटे. तोच व्यायाम पहिल्या गटाला अधिक सहज होईल असा वाटला आणि तो करण्याची तयारीही याच गटाने अधिक दाखवली. एका जपानी पदार्थाच्या पाककृतीवर असाच प्रयोग केला असता तेथेही हाच कल दिसला. अवघड टंकात पाककृती वाचणाऱ्यांना त्या पदार्थाला अधिक वेळ आणि अधिक कौशल्य लागेल असे वाटले.

या प्रयोगाचे महत्त्व त्याच्या मांडणीत आहे. एरवी सोपा मजकूर आणि अवघड मजकूर यांची तुलना करताना आशयही बदलतो. सोप्या मजकुरात माहिती कमी असते, उदाहरणे वेगळी असतात, आणि मग वाचक कशामुळे प्रवृत्त झाला हे सांगता येत नाही. येथे आशय, शब्द, वाक्यरचना सारे स्थिर ठेवून केवळ डोळ्यांना पडणारे श्रम बदलले होते. तेवढ्यानेही व्यायामाविषयीचा अंदाज जवळजवळ दुप्पट झाला. वाचकाने वाचनाचे श्रम आणि व्यायामाचे श्रम यांचा हिशेब एकाच वहीत मांडला, असे म्हणता येईल.

आकलनाचा ओघ

कोणतीही माहिती ग्रहण करताना तिच्या आशयाबरोबरच ती ग्रहण करण्याचा अनुभवही मनाला येत असतो. हा अनुभव कधी ओघवता असतो, कधी अडखळत जाणारा. मानसशास्त्रात याला आकलनाचा ओघ असे म्हणता येईल. हा ओघ कशामुळे सुरळीत आहे किंवा कशामुळे खंडित झाला, याची नेमकी जाण मनाला असतेच असे नाही. मन तो अनुभव समोर जो विषय असेल त्याच्या खाती जमा करते. मोडी लिपीतील एखादा जुना कागद हाती आला की त्यात काहीतरी गहन व्यवहार असावा असे वाटते. जाणकाराने वाचून दाखवल्यावर ती दोन पायली धान्याची पावती निघते. गुंतागुंत लिपीच्या अपरिचयाची असते, ती व्यवहारावर आरोपित होते.

हाच आरोप निरनिराळ्या निर्णयांत आढळतो. रोल्फ रेबर आणि श्वार्झ यांनी १९९९ मध्ये दाखवले की, पार्श्वभूमीवर स्पष्ट उठून दिसणाऱ्या रंगात छापलेली विधाने अस्पष्ट रंगातील विधानांपेक्षा अधिक खरी मानली जातात. साँग आणि श्वार्झ यांनी २००९ मधील अभ्यासात काही काल्पनिक अन्नपूरक रसायनांची नावे वाचकांपुढे ठेवली. ज्यांचा उच्चार कठीण ती रसायने अधिक घातक वाटली. परिचित आणि सहज ते सुरक्षित व शक्य, अपरिचित आणि अडखळवणारे ते धोक्याचे व कष्टाचे, अशी ही मनाची ढोबळ गणिते आहेत. रोजच्या जीवनात ती पुष्कळदा उपयोगी पडतात, म्हणूनच ती टिकून आहेत.

व्यायामाच्या बाबतीत हा आरोप विशेष महागात पडतो, कारण तेथे मूळचीच शंका असते. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या स्व-क्षमतेच्या सिद्धान्तानुसार, एखादी कृती माणूस हाती घेतो की नाही, हे त्या कृतीच्या लाभाइतकेच 'हे माझ्याच्याने होईल' या विश्वासावर अवलंबून असते. पन्नाशीतील, वजन वाढलेल्या, गुडघे कुरकुरू लागलेल्या व्यक्तीला चालण्याचे फायदे ठाऊक नसतात असे नाही. तिला खात्री नसते ती स्वतःविषयी. अशा व्यक्तीच्या हाती बारीक टंकातील, चारही बाजूंनी ठासून भरलेले पत्रक पडले, तर पहिल्या दोन ओळींतच तिच्या शंकेला पुष्टी मिळते. पत्रकात 'व्यायाम सोपा आहे' असे लिहिलेले असले तरी पत्रकाचा अनुभव त्याच्या उलट सांगत असतो.

येथे एक आशादायक बाब नोंदवली पाहिजे. अडखळण्याचे कारण वाचकाच्या लक्षात आणून दिले, तर हा आरोप पुष्कळसा नाहीसा होतो. नोव्हेम्स्की, धर, श्वार्झ आणि सायमनसन यांनी २००७ मध्ये ग्राहकांच्या निवडीवर केलेल्या अभ्यासात, टंकामुळे वाचणे कठीण वाटू शकेल असे आधीच सांगितलेल्या सहभागींवर अवघड टंकाचा परिणाम दिसला नाही. पत्रक हाती देताना 'छपाई बारीक आहे, पण सांगितलेले काम सोपे आहे' एवढे वाक्य तोंडी बोलणाऱ्या डॉक्टरचे किंवा स्वयंसेवकाचे योगदान म्हणूनच कमी लेखता येणार नाही.

प्रतिकूल पुरावे

या संशोधनाचा उल्लेख करणारे पुष्कळ लेख येथेच थांबतात आणि 'टंक बदला, लोक व्यायाम करतील' असे सुचवून मोकळे होतात. ते योग्य नव्हे. मिशिगनच्या प्रयोगातील सहभागींची संख्या फार थोडी होती. ते तरुण विद्यार्थी होते. आणि मोजला गेला तो त्यांचा अंदाज व तयारी. त्यांपैकी कोणी प्रत्यक्षात व्यायाम केला की नाही, हे त्या प्रयोगात पाहिलेलेच नाही.

शिवाय या क्षेत्रातील इतर काही निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. अवघड टंकात दिलेली कोडी विद्यार्थी अधिक विचारपूर्वक सोडवतात, असे २००७ मधील एका गाजलेल्या अभ्यासाचे म्हणणे होते. मेयर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मूळ अभ्यासासह सतरा अभ्यासांची, सात हजारांहून अधिक सहभागींची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा असा परिणाम आढळला नाही. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठात २०१८ मध्ये तयार झालेल्या, स्मरण वाढवण्याचा दावा करणाऱ्या 'सान्स फर्गेटिका' या टंकाचीही पुढील चाचण्यांत अशीच गत झाली. हे निष्कर्ष स्मरण व तर्क यांविषयीचे आहेत, प्रेरणेविषयीचे नाहीत. तरीही टंकाच्या जादूवर विसंबू नये, एवढा बोध त्यांतून घ्यावाच लागतो.

याहून मार्मिक आक्षेप अपर्णा लाब्रू आणि सारा किम यांच्या २००९ मधील संशोधनातून येतो. ज्या व्यक्तीच्या मनात एखादे उद्दिष्ट जागे असते, तिला ते साधण्याचे साधन थोडे कष्टसाध्य दिसले तर ते अधिक परिणामकारक वाटते, असे त्यांनी दाखवले. औषध कडू असल्याशिवाय गुण येत नाही, ही आपल्याकडील जुनी समजूत याच जातीची आहे. जिल्हा संघात निवड व्हावी म्हणून धडपडणाऱ्या खेळाडूला अति सोपी सूचना पोरकट वाटेल. परंतु आरोग्यपत्रकाचा वाचक हा खेळाडू नसतो. त्याचे उद्दिष्ट अद्याप जागे व्हायचे असते. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही निष्कर्षांत विरोध नाही, वाचक वेगळे आहेत. उंबरठ्यावर घुटमळणाऱ्यासाठी ओघ हवा. आत आलेल्याला थोडी चढण चालते.

तेव्हा या संशोधनावरून एवढेच निश्चयाने म्हणता येते की, वाचनातील अनावश्यक श्रम हा कृतीवर बसणारा एक खोटा कर आहे. तो काढून टाकल्याने प्रेरणा निर्माण होईलच असे नाही. पण जी आहे तिची गळती थांबू शकते.

मराठी मजकुराचा प्रश्न

इंग्रजीत वाचनसुलभता मोजण्याची जुनी सूत्रे आहेत. रुडॉल्फ फ्लेश यांचे सूत्र १९४८ चे. हॅरी मॅकलॉफलिन यांचे 'स्मॉग' सूत्र १९६९ चे. वाक्यातील शब्दसंख्या आणि शब्दातील अवयवांची संख्या मोजून मजकूर कितव्या इयत्तेचा आहे हे त्यांवरून ठरवतात. अमेरिकेत रुग्णांसाठीचा मजकूर सहावीच्या पातळीचा असावा असा संकेत रूढ आहे. ही सूत्रे मराठीला जशीच्या तशी लावली तर मात्र विपरीत निष्कर्ष निघतात. 'चालण्यासाठीसुद्धा' हा लांबलचक शब्द शेतमजूर स्त्रीलाही अडत नाही, कारण प्रत्यय जोडत जाणे हा आपल्या भाषेचा स्वभावच आहे. उलट 'तीव्रता' हा तीन अक्षरी शब्द व्यायामाच्या संदर्भात भल्याभल्यांना उलगडत नाही. मराठीतील काठिण्य शब्दाच्या लांबीत नसून त्याच्या घराण्यात असते.

एक कल्पित, परंतु आपल्या परिचयाचे वाक्य घेऊ : 'प्रौढ व्यक्तींनी प्रतिसप्ताह किमान १५० मिनिटे मध्यम तीव्रतेची वायुजीवी शारीरिक क्रिया संपादित करणे आवश्यक आहे.' जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मधील मार्गदर्शक सूचनांचा हा ढोबळमानाने शुद्ध अनुवाद आहे. त्यात असत्य काही नाही. पण 'वायुजीवी' म्हणजे काय हे समजण्यासाठी मूळ इंग्रजी शब्द ठाऊक असावा लागतो. 'क्रिया संपादित करणे' हे कोणी कधी करत नाही. आणि ग्रामीण वाचकाच्या मनात 'सप्ताह' या शब्दाने आठवडा नव्हे, तर अखंड हरिनाम उभा राहतो. आता हीच माहिती अशी लिहून पाहू : 'आठवड्यातून पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चाला. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग ठेवा. अर्धा तास सलग नाही जमला, तर दहा-दहा मिनिटे तीनदा चाला.'

दुसऱ्या मजकुरात माहिती कमी झालेली नाही, उलट वाढली आहे. बोलता यावे पण गाता येऊ नये, ही मध्यम श्रमाची कसोटी जगभर वापरली जाते आणि तिला कोणतेही उपकरण लागत नाही. शेवटच्या वाक्यालाही शास्त्रीय आधार आहे. २०१० च्या सूचनांत हालचाल किमान दहा मिनिटे सलग असावी अशी अट होती. २०२० च्या सूचनांत ती वगळण्यात आली. म्हणजे 'दहा-दहा' ऐवजी पाच-पाच मिनिटे लिहिली तरी चालेल. ही सवलत घरकामात तुकड्या-तुकड्यांनी वेळ मिळणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने केवढी मोलाची आहे, हे सांगायला नको. तरीही १५० मिनिटांचा आकडा एकदम समोर टाकणाऱ्या पत्रकांत तिचा उल्लेख क्वचितच आढळतो.

'व्यायाम' या शब्दाचाही विचार करण्याजोगा आहे. मराठी मनात तो तालीम, लाल माती, दंड-बैठका यांच्याशी जोडलेला आहे. आता त्यात शहरी जिमची भर पडली आहे. साठीतील गृहिणीला 'नियमित व्यायाम करा' असे सांगितले की ते आपल्यासाठी नाही असे तिला वाटते. 'शारीरिक हालचाल' हा शब्दप्रयोग शास्त्रदृष्ट्या व्यापक, पण बोलण्यात परका. अशा वेळी वर्गनाम टाळून 'चाला', 'जिना चढा', 'खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा' अशी क्रियापदेच वापरावीत, हे बरे. क्रियापद वाचताना शरीर जागे होते. भाववाचक नामाने ते होत नाही.

भाषेइतकाच प्रश्न अक्षराचा आहे. देवनागरीत शिरोरेघेच्या वर आणि अक्षराच्या खाली मात्रा येतात. त्यामुळे रोमन लिपीपेक्षा दोन ओळींत अधिक अंतर लागते. जागा वाचवण्यासाठी ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार एकमेकांना भिडतात. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर केलेल्या अभ्यासात, ऱ्हस्व इकार असलेले शब्द, म्हणजे जेथे मात्रा व्यंजनाआधी लिहिली जाते पण नंतर उच्चारली जाते, ते वाचायला अधिक वेळ लागतो असे दिसले. हा गुण लिपीचाच आहे, तो बदलता येत नाही. पण आपल्या लिपीचे स्वतःचे काठिण्य आहे आणि इंग्रजीवरील संशोधन तेथे पुरे पडत नाही, याची जाणीव त्यातून होते. मराठी आरोग्यमजकुरावर असे प्रायोगिक काम मानसशास्त्र, मराठी आणि शारीरिक शिक्षण हे तीन विभाग मिळून एखाद्या महाविद्यालयातही करू शकतात. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. मिशिगनमधील विद्यार्थ्यांचे डोळे तरुण होते. आपल्या पत्रकाचा खरा वाचक चाळिशीच्या पुढचा असतो. मराठीने वयाला आणि वाचण्याच्या चष्म्याला एकच नाव दिले आहे, हा योगायोग नव्हे. ज्याच्याकडे ती दुसरी चाळिशी नाही, किंवा असून बाजारात येताना घरी राहिली आहे, त्याच्यासाठी बारीक टंक हा सौंदर्याचा प्रश्न नसतो. आणि २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील साक्षरतेचे प्रमाण ८२.३४ टक्के होते, हेही विसरून चालणार नाही. उरलेल्यांपर्यंत हा मजकूर पोहोचतो तो आशा कार्यकर्तीच्या किंवा शाळेत जाणाऱ्या नातवंडाच्या तोंडून. म्हणून वाचनसुलभतेची कसोटी मोठ्याने वाचून घ्यावी. जे वाक्य एका श्वासात वाचता येत नाही, ते ऐकणाऱ्याला पोहोचत नाही.

औंधचा दाखला

व्यायामाची माहिती सुलभ करण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तो मुख्यतः एका सुटसुटीत मांडणीच्या बळावर. सलग दहा अवस्था, प्रत्येकीला अंक, आणि अंकागणिक चित्र. याच मांडणीचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. त्याच्या नावातच दहा टप्प्यांचा उल्लेख आहे. त्याच काळात, १९३६ पासून, द. चिं. मुजुमदार यांनी बडोद्याहून व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. विद्वत्तेच्या आणि संग्राह्यतेच्या दृष्टीने ते काम असामान्य आहे. मात्र घरोघरी पोहोचली ती दहा अंकांची मोजणी.

अर्थात येथेही सावध असावे. औंध संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे होते. तेथे प्रसार झाला तो मांडणीमुळे किती आणि राजाज्ञेमुळे किती, हे वेगळे काढता येत नाही. पत्रक वाटणाऱ्या प्राध्यापकाच्या हाती राजाज्ञा नसते, आणि ते ठीकच आहे.

इच्छा आणि कृती

वाचकाच्या मनात इच्छा निर्माण झाली असे गृहीत धरले तरी पुढची पायरी उरतेच. ऱ्होड्स आणि द ब्रॉइन यांनी २०१३ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. व्यायामाची इच्छा बाळगणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांनी ती प्रत्यक्षात आणली नाही, असे त्यात दिसून आले. वाचनसुलभतेवरील संशोधन इच्छेपर्यंत येऊन थांबते, हे वर सांगितलेच आहे.

या संदर्भात मिल्न, ऑर्बेल आणि शीरन यांचा २००२ मधील ब्रिटनमधील प्रयोग उद्बोधक आहे. विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. एका गटाला व्यायामाविषयी काहीच प्रेरक वाचायला दिले नाही. दुसऱ्या गटाला हृदयविकार आणि व्यायामाचे लाभ यांविषयी प्रेरक मजकूर दिला. तिसऱ्या गटाला तोच मजकूर देऊन, पुढील आठवड्यात आपण कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोठे वीस मिनिटे व्यायाम करू, हे लिहून काढायला सांगितले. पहिल्या गटातील ३८ टक्क्यांनी व्यायाम केला. दुसऱ्यातील ३५ टक्क्यांनी. तिसऱ्यातील ९१ टक्क्यांनी. प्रेरक मजकुराने दुसऱ्या गटाची इच्छा वाढली होती, पण कृती वाढली नाही. पुढील अभ्यासांत नियोजनाचा एवढा मोठा परिणाम आढळलेला नाही, तो मध्यम किंवा अल्प प्रमाणात दिसतो. तरीही दिशा तीच आहे.

पत्रकाच्या तळाशी 'आरोग्य हीच संपत्ती' असे सुभाषित छापण्याची आपल्याकडे प्रथा आहे. त्या जागेत 'मी ____ वारी ____ वाजता ____ पासून ____ पर्यंत चालेन' अशी एक रिकामी ओळ सोडावी. छपाईचा खर्च वाढत नाही. ही ओळ सोपी असून वाचकाकडून काही मागते. वाचनाचे श्रम वाचवून जे लक्ष शिल्लक राहिले, त्याचा विनियोग करण्याची ही योग्य जागा होय.

सोपेपणाची मर्यादा

ओघ सत्यासत्य पाहत नाही, हे रेबर आणि श्वार्झ यांच्या प्रयोगातून सूचित होतेच. सात दिवसांत पोटाची चरबी घटवण्याची जाहिरात नेहमी ठळक, सुवाच्य अक्षरांत आणि चार शब्दांच्या वाक्यांत असते. दिवसाला दहा हजार पावलांचा प्रसिद्ध दंडकही असाच रूढ झाला. १९६५ मध्ये जपानमधील एका कंपनीने बाजारात आणलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राचे ते नाव होते. त्यामागे संशोधन नव्हते. आकडा गोल, लक्षात राहणारा, म्हणून तो जगभर गेला. २०१९ मध्ये वृद्ध स्त्रियांवर झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात सुमारे साडेसात हजार पावलांच्या पुढे मृत्यूदरातील घट थांबलेली दिसली, आणि चार-साडेचार हजार पावलांनीही लाभ होतो असे आढळले. दहा हजारांचा सोपा आकडा कित्येकांना अप्राप्य वाटून घरी बसवत असेल, तर ती सुलभता कोणाच्या उपयोगाची?

म्हणून सोपे करताना काय गाळू नये, हे आधी ठरवावे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीने चालायला जाताना खिशात साखर वा गोळ्या-बिस्किटे ठेवावीत, हे वाक्य वाढले तरी चालेल. चालताना छातीत दाब, जबड्याकडे वा हाताकडे जाणारी कळ, भोवळ यांपैकी काही जाणवल्यास थांबून ताबडतोब वैद्यकीय मदत घ्यावी, हेही वगळता येणार नाही. 'सर्वांनी घाम येईपर्यंत चालावे' हे वाक्य ओघवते आहे, आणि पायांची संवेदना कमी झालेल्या मधुमेहीला अनवाणी चालण्यापासून ते परावृत्त करत नाही. त्याच्यासाठी 'पायांत बंद बूट घाला, परतल्यावर तळवे पाहा' ही दोन छोटी वाक्ये लागतील. सावधगिरीची सूचनाही क्रियापदांत लिहिता येते. ती जोडपत्रातील बारीक टंकात ढकलण्याचे कारण नाही.

मजकूर तयार झाल्यावर तो सहकारी प्राध्यापकांना दाखवून मत घेण्यात फारसा अर्थ नाही. आपणां सर्वांची संस्कृतप्रचुर गद्याची सवय सारखीच आहे. ग्रंथालयातील परिचर, उपाहारगृहातील आचारी, सुरक्षारक्षक यांपैकी दोघा-तिघांना तो वाचायला द्यावा. वाचून झाल्यावर 'समजले का' असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी होकारार्थीच येते. 'उद्या सकाळी तुम्ही काय कराल, ते सांगा' असे विचारावे, आणि ते जेथे थबकतील त्या ओळीवर खूण करून ती ओळ पुन्हा लिहावी.